नारुतोचे फिलर: काय बघायचं, काय सोडायचं आणि नवऱ्याच्या एक्सेलचं काय करायचं

पत्र असं आलंय, थोडं कापून देतेय (नारुतो ही निंजांवरची जपानी कार्टून मालिका, शिप्पुदेन तिचा पुढचा भाग, आणि फिलर म्हणजे मूळ कॉमिकमध्ये नसलेले, वेळ काढायला घातलेले एपिसोड):

"ताई, मी आणि नवरा रोज रात्री जेवणं आटपली की नारुतोचे दोन एपिसोड बघतो. परवा १३५ संपला, मी रडले. आता ऑफिसातली मैत्रीण म्हणते पुढचे सगळे फिलर आहेत, सरळ शिप्पुदेन लाव. नवरा म्हणतो एकही एपिसोड सोडायचा नाही, त्याने एक्सेल शीट केलंय, बघून झाला की तो चौकोन हिरवा करतो. मला ते काकाशीच्या मास्कवालं प्रकरण जाम आवडलं होतं आणि तो पण फिलर होता म्हणे. पण ती चहाच्या देशातली शर्यत चालू होती तेव्हा मी सोफ्यावरच झोपले. मग कुठले बघायचे आणि कुठले सोडायचे हे ठरवायचं कसं? आणि ते पिक्चर मध्ये मध्ये बघायचे असतात का? — फिलरग्रस्त, चिंचवड"

अगं फिलरग्रस्त, आधी आकडे बघू, नवऱ्याला आकड्यांचीच भाषा कळते असं दिसतंय. नारुतोचे २२० एपिसोड, शिप्पुदेनचे ५००, म्हणजे एकूण ७२०. दोन्हीकडे साधारण चाळीस टक्के फिलर. तुम्ही आत्ता जिथे उभे आहात तिथून पुढे १३६ ते १४० आणि मग १४३ ते २१९ हा जवळजवळ सलग फिलरचा पट्टा आहे, ८२ एपिसोड. रोज दोनच्या हिशोबाने ४१ रात्री. नारुतोचा दोस्त सासुके गाव सोडून गेला, नारुतो हॉस्पिटलात बँडेज बांधून पडलाय, तू रडलीयेस, आणि आता ४१ रात्री तो गावोगावी कुणाच्या तरी पेट्या आणि राजकन्या पोचवत फिरणार. मैत्रीण चुकीचं सांगत नाहीये. पण "सरळ शिप्पुदेन लाव" हेही पूर्ण बरोबर नाही, त्याच्याकडे येते.

हे असं का झालं ते एकदा समजलं की निम्मा राग जातो. किशिमोतोची मांगा, म्हणजे मूळ जपानी कॉमिक, १९९९ पासून दर आठवड्याला एक चॅप्टर अशी येत होती, ॲनिमे, म्हणजे ही कार्टून मालिका, ऑक्टोबर २००२ मध्ये सुरू झालं आणि तेही दर आठवड्याला, सुट्टी नाही. आता एका एपिसोडमध्ये एकापेक्षा जास्त चॅप्टर सहज खपतात, म्हणजे गाडी मागून येऊन पुढच्या गाडीला धडकणारच. तेव्हाच्या टीव्हीवर आजच्यासारखं "सीझन संपला, दीड वर्षाने भेटू" असं चालायचं नाही, मिळालेला स्लॉट धरून ठेवायचा असायचा. मग ॲनिमे बनवणाऱ्या स्टुडिओ पिएरोने काय केलं, तर मांगात नसलेल्या गोष्टी स्वतः लिहून वेळ काढला. २००५ मध्ये १३५ संपला आणि फेब्रुवारी २००७ मध्ये शिप्पुदेन सुरू झालं, मधला सगळा काळ जपानमधली पोरं दर आठवड्याला हेच बघत बसली होती. तुमचं तरी ४१ रात्रींत उरकेल. (वन पीस ह्या दुसऱ्या ॲनिमेवाल्यांनी वेगळा रस्ता घेतला, फिलर कमी ठेवले आणि मूळ गोष्टच इतकी ताणली की एका दरवाजाकडे धावायला माणसाला अख्खा एपिसोड लागतो. त्यापेक्षा फिलर बरे, निदान सोडता तरी येतात.)

आता मुद्द्याचं. लोक विचारतात हा एपिसोड कॅनन (म्हणजे मांगातला) आहे की फिलर, आणि तिथेच थांबतात. तू तसं केलं नाहीस म्हणून तुझं पत्र निवडलं. मास्कवाला पण फिलर आणि चहाचा देश पण फिलर, एकाला हसलीस आणि दुसऱ्याला झोपलीस, म्हणजे फरक दुसरीकडे कुठेतरी आहे ना.

फिलर लिहिणाऱ्याची अवस्था भाड्याच्या घरात राहणाऱ्यासारखी असते. खिळा ठोकायचा नाही, भिंत रंगवायची नाही, आणि जाताना होतं तसं करून चावी परत द्यायची. कोणी महत्त्वाचं मरू शकत नाही, नारुतोला एखादी नवी विद्या आली तर ती विसरावी लागते, कोणाशी कायमची दोस्ती वा दुश्मनी होऊ शकत नाही, कारण पुढचा कॅनन एपिसोड जिथे मांगा थांबली होती तिथूनच सुरू होणार. म्हणजे फिलर गोष्ट पुढे नेऊच शकत नाही. फार तर मागे जाऊ शकतो, नाहीतर बाजूला.

चांगले फिलर हे ओळखून असतात. ते मागे जातात, एखाद्याचं जुनं काही दाखवतात, किंवा बाजूला बसून नुसती गंमत करतात. वाईट फिलर पुढे जायचं नाटक करतात: नवा देश, नवा भयंकर व्हिलन, जग वाचवायचंय, शेवटी सगळं पुसून टाकायचं. बघताना आपल्याला आतून कळत असतं की ह्यातलं काहीच टिकणार नाहीये, म्हणून झोप येते.

तुझीच दोन उदाहरणं घे. १०१ मध्ये नारुतो, सासुके आणि साकुरा ह्या तिघांना फक्त एवढंच बघायचंय की काकाशी सरांच्या मास्कखाली आहे काय. इचिराकू ह्या दुकानात रामेन खायला घालतात, म्हणजे खाताना तरी मास्क काढेल, आणि नेमक्या त्या क्षणी इनो, शिकामारू आणि चोजी समोर येऊन उभे राहतात, ते बाजूला होईपर्यंत वाडगा रिकामा आणि मास्क जागेवर. फक्त दुकानवाले काका आणि त्यांची मुलगी ह्यांनी चेहरा बघितला आणि दोघांच्या डोळ्यांत बदाम. एपिसोड संपताना जग जसंच्या तसं आहे, कोणाचं काही बदललं नाही, बदलायचं नव्हतंच. आणि १०२ ते १०६? इदाते नावाचा मुलगा, त्याला शर्यतीत पळवत न्यायचं, एक तलवारवाला व्हिलन, सासुकेचं नारुतोवर जळणं. आता हा इदाते परीक्षा घेणाऱ्या इबिकीचा धाकटा भाऊ आहे, ते दोन भावांचं प्रकरण खरं तर छान होतं, मागे जाणारं होतं, एका एपिसोडमध्ये झालं असतं. पण पाच एपिसोडचा मामला म्हणून शर्यत, बोट, जंगल, सगळं भरलं. तू झोपलीस ते बरोबर झोपलीस.

म्हणजे ठरवताना तीन गोष्टी बघायच्या. गोष्ट कोणाची आहे, आपल्या ओळखीच्या माणसाची की ह्याच चार एपिसोडांपुरत्या आलेल्या पाहुण्याची. किती लांब आहे, एकदोन एपिसोडचा फिलर सहसा जीवावर येत नाही, पंधरावीसचा येतो. आणि तिसरं, जे लोक विसरतातच, तो कुठे ठेवलाय. चांगला फिलरसुद्धा चुकीच्या जागी आला की डोक्यात जातो. युद्ध ऐन रंगात आलंय, कोण जगतंय कोण मरतंय कळत नाहीये, आणि मध्येच वीस एपिसोड लहानपणची चूनिन परीक्षा, निंजांच्या बढतीची. ती परीक्षा वाईट नाहीये हो, पण आत्ता?

बरं, आता तुमच्या पुढ्यातल्या ८२ चं काय. सगळ्यात आधी, १३५ वरून उडी मारून २२० वर जाऊ नका, मध्ये १४१ आणि १४२ बघा. १४१ तर हवाच, साकुरा गावप्रमुख सुनादेकडे जाऊन मला शिकवा म्हणते तो भाग मांगातला आहे, आणि शिप्पुदेनमध्ये साकुरा जे काही करते त्याचं मूळ तिथे आहे. हे न बघता गेलीस तर वाटेल ही एकदम अशी कशी झाली. १४२ मध्ये मिझुकी परत यायला सुरुवात होते, तो पहिल्या एपिसोडमधला मास्तर. नारुतोचा शाळेतला मास्तर इरुका आवडत असेल तर ते प्रकरण १४७ पर्यंत बघून टाका, नाहीतर सोडा.

१५२ ते १५७ मी कोणालाही बघायला सांगते. नारुतो, नेजी, तेनतेन आणि रॉक ली, समोर रायगा म्हणून मिस्ट गावचा एक जुना तलवारवाला जो जिवंत माणसांच्या अंत्ययात्रा काढतो आणि वर स्वतःच रडतो. आणि मध्येच एक म्हातारी आजी, तिची जहाल कढी, कढी म्हणजे आपली ताकाची नाही, जपानी करी, आणि त्या करीने म्हणे लीचा जीव वाचला होता. इतकं येडं आणि इतकं काळं एकाच ठिकाणी ह्या सिरीजमध्ये क्वचित सापडतं. नियमाने बघितलं तर हा व्हिलनवाला फिलर आहे, आवडायला नको. पण लिहिणाऱ्यांनी ते सिरियसली घेतलंच नाहीये, तीच मजा.

मग २१६ ते २१९, गारासाठी, तो वाळूवाला पोरगा. तो शिक्षक झालाय आणि त्याच्याकडे मात्सुरी नावाची मुलगी शिकायला येते जिला हत्यार हातात धरायचीच भीती वाटते. आणि सगळी पोरं त्याच्या मदतीला धावतात. शिप्पुदेन जिथून सुरू होतं तिथे गाराबद्दल तुमच्या मनात जेवढी माया असेल तेवढं बरं, जास्त सांगत नाही. त्याला लागून २२० आहेच, निरोपाचा, तो चुकवायचा नाही. एवढं झालं की तुमचं पंधरा-वीस एपिसोडमध्ये काम होतं, नऊदहा रात्री. बाकी ताऱ्यांचं गाव, भाज्यांचा देश, अमुक कुळाचा शाप, ह्यात मध्ये मध्ये बरं काही आहे पण शोधत बसायला आयुष्य पडलंय.

शिप्पुदेनबद्दल आत्ता थोडंच सांगते कारण तिथे स्पॉयलरची भीती. एक काम कर, नेटवर फिलरच्या याद्या मिळतात त्यातले फक्त नंबर बघ, नावं वाचू नकोस. शिप्पुदेनच्या एपिसोडची नावंच निम्मी स्पॉयलर आहेत, कोण मेलं ते नावातच. त्यापेक्षा हे माझे नंबर फोनमध्ये ठेव.

५७ ते ७१ हा पहिला मोठा फिलर. बहुतेक सगळे सोड म्हणतात आणि गोष्ट म्हणून मीही म्हणेन, नवा पोरगा, नवा राडा, ठरलेलं. पण त्यात असुमा, शिकामारूचा मास्तर, बऱ्यापैकी आहे. असुमा आवडतो का तुम्हाला? आवडत असेल तर बघा. का ते विचारू नका, ७२ पासून कळेल.

९१ ते १११ सोडा आणि ११२ वर या. स्फटिकवाली गुरेन आणि तो छोटा मुलगा ह्यांचं नातं गोड आहे हे मान्य, पण पाच एपिसोडचा जीव २१ एपिसोडात ताणलाय. १४४ ते १५१ पण सोडा, जागेमुळे. १४३ ला जी धमाल होते त्याच्यानंतर १५२ पासून सिरीजचा माझ्या मते सगळ्यात भारी भाग सुरू होतो, मध्ये आठ एपिसोड कोणाचीतरी गुरु-शिष्य कहाणी नको. नंतर बघ हवं तर.

१७५ ला तो भारी भाग संपतो आणि १७६ ते १९६ एकदम जुन्या गोष्टी सुरू होतात. ही जागा मात्र बरोबर आहे, इतकं सगळं अंगावर आल्यावर श्वास घ्यायला पाहिजेच असतो. १७६ ते १७८ इरुकाचे, तो तरुण मास्तर असताना वर्गातला नारुतो त्याला किती नकोसा होता ते, हे नक्की. आणि १९४, तीन पायांची शर्यत, नारुतो आणि सासुके एकमेकांना चिकटतात आणि सुटत नाहीत. तुला मास्कवाला आवडलाय म्हणजे हा आवडणारच. बाकीचे तोंडी लावायला, भाजी चिरताना वगैरे.

२२३ ते २४२ म्हणजे ते कुप्रसिद्ध जहाज. नारुतो बेटाकडे निघालाय आणि पोचतच नाही. वीस एपिसोड. सोडायचं, पण त्यातला २४१ सोडू नका, काकाशी आणि लीचा मास्तर गाय-सेन्सेई ह्यांच्या जुन्या चढाओढीचा आहे, आणि तो शेवटीशेवटी तुम्हाला फार वेगळ्या कारणासाठी आठवेल. २५७ ते २६० नुसतं जुनं दाखवतात, आठवड्याला एक बघणाऱ्या जपानी पोरांना लागत असेल आठवण करून द्यायला, तुम्ही कालपरवाच बघितलंय.

युद्ध सुरू झालं की नियम सोपा, फिलर लागला की उडी. अपवाद एक आणि तो मोठा आहे: ३४९ ते ३६१, काकाशीचे आन्बूमधले, म्हणजे गावाच्या गुप्त पथकातले, दिवस. तेरा एपिसोड, सगळे मागे जाणारे, ह्यात सासुकेचा मोठा भाऊ इताची पण आहे. हे फिलर आहेत हे न सांगता कोणाला दाखवले तर ओळखता येणार नाही. ३७६-३७७ मध्ये रोबो नारुतो येतो, व्हिडिओ गेमच्या नादाने काढलेलं येडपट काहीतरी, दोनच आहेत, मूड असेल तर. ३९४ ते ४१३ ती वर म्हटलेली परीक्षा, नंतरसाठी ठेवा. ४३२ ते ४५० डोळे मिटून सोडा, शेवटची लढाई ताटात वाढलेली असताना एकोणीस एपिसोड वाट बघायची काही गरज नाही. ४५१ ते ४५८ मात्र बघा, इताचीवरच्या कादंबरीवरून केलेत, लोक फिलरमध्ये टाकतात पण वजन कॅननचं आहे. आणि ४६९! ४६९ बद्दल एकच सांगते, १०१ चं उधार तिथे चुकतं होतं. नवऱ्याला आधी सांगू नकोस.

आता नवरा. हे बघ, ज्या माणसाने ७२० चौकोनांचं शीट केलंय त्याला "काही उपयोग नाही रे त्या एपिसोडचा" असं सांगून फरक पडणार नाही, त्याला ते पांढरे चौकोन दिसत राहणार. त्याच्याशी वाद घालू नकोस, त्याच्या शीटमध्ये एक रंग वाढव. हिरवा म्हणजे बघितला, पिवळा म्हणजे नंतर. सोडला असं कुठेच लिहायचं नाही. आणि ही नुसती समजूत नाहीये, फिलरचा एकच गुण असा आहे की तो कधीही बघता येतो, त्याच्यावर पुढचं काही अवलंबून नसतं. ५०० संपल्यावर महिनाभराने त्या सगळ्यांची आठवण यायला लागते, तेव्हा ताऱ्यांचं गावसुद्धा गोड लागतं, मी स्वतः भाज्यांचा देश शिप्पुदेन संपल्यावर बघितलाय आणि मजेत बघितलाय, तोच मध्ये बघितला असता तर रिमोट फेकला असता.

तरीही ऐकत नसेल तर पिवळे चौकोन त्याने एकट्याने बघावेत, बसमध्ये, जिममध्ये, रविवारी तू आईकडे गेलीस की. अट एकच, आल्यावर गोष्ट सांगत बसायची नाही. आणि उलटी अट तुला पण, एखादा मोठा फिलर लागला तर पहिला एपिसोड दोघांनी बसून बघायचा, संपल्यावर दोघांपैकी एकानेही "मग पुढे?" विचारलं तर अजून एक. कोणीच विचारलं नाही, दोघं मोबाइल बघत असाल, तर पिवळा. आपोआप ठरतं, भांडण नाही. झोपलेल्या माणसाचं मत नकार धरायचं, हे आधीच लिहून घे.

राहिले पिक्चर. बहुतेक सगळे पिक्चर म्हणजे मोठ्या पडद्यावरचे फिलरच, एक नवी राजकन्या, एक नवा व्हिलन, दीड तास, ॲनिमेशन मस्त, पाऊस पडत असेल आणि भजी असतील तर लावा. फक्त २०१४ चा 'द लास्ट' वेगळा, त्यात किशिमोतोचा स्वतःचा हात आहे आणि मुख्य गोष्टीतला एक मोठा तुकडा फक्त तिथेच आहे. तो ४९३ झाल्यावर आणि ४९४ लावायच्या आधी बघायचा, नाहीतर शेवटचे सात एपिसोड बघताना वाटेल मध्ये काहीतरी गाळलं की काय. आणि तोपर्यंत कृपा करून त्याचं पोस्टर शोधू नका, पोस्टरवरच सगळं आहे.